घोड्याच्या चंदीतील उणीव : ई जीवनसत्त्व आणि हिरवी वैरण

खानदेशात घोड्याची खरेदी बहुधा मार्गशीर्षात होते. दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेली जनावरे तेथे विकली जातात. घोडा पारखताना गिऱ्हाईक दात पाहते, टापा उचलून पाहते, अंगावरील भोवरे मोजते, चाल पाहते. हे सर्व योग्यच आहे. परंतु हा घोडा घरी नेल्यावर पुढील सहा महिने त्याला काय खावयास मिळणार आहे, हा प्रश्न त्या गर्दीत क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो खरेदीच्या वेळेमुळे. मार्गशीर्ष हा खानदेशात हिरवळ ओसरण्याचा महिना आहे. मेहरूणचेच उदाहरण घ्यावे. आता जळगाव शहरात सामावलेल्या या गावाचे नाव तेथील बोरांमुळे महाराष्ट्रभर झाले. बोरीची मुळे खोल जातात, म्हणून ते झाड कोरड्यातही तग धरते. गवताला ती सोय नाही. पावसाळ्यात तलावाच्या परिसरात उगवलेले गवत पौषात पिवळे पडते आणि चैत्र-वैशाखात तर पारा ४५ अंशांच्या घरात जातो. नेमक्या याच काळात लग्नसराई असते. म्हणजे घोड्याला काम सर्वांत अधिक आणि हिरवा चारा सर्वांत कमी, अशी विपरीत स्थिती दरवर्षी ओढवते. पागेत बांधलेल्या जनावरास कडबा, भुसा व हरभऱ्याची चंदी मिळते. पोट भरते, अंगावर मांसही दिसते. म्हणून मालक निश्चिंत असतो.

या आहारात जी उणीव राहते ती ई जीवनसत्त्वाची. १९२२ साली अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स व कॅथरीन बिशप यांनी उंदरांवरील प्रयोगांत या द्रव्याचा शोध लावला. ते आहारात नसेल तर उंदरांची गर्भधारणा शेवटास जात नाही, असे त्यांस आढळले. पुढे त्याला मिळालेल्या ‘टोकोफेरॉल’ या नावाचा अर्थही संततीशी निगडित आहे. या इतिहासामुळेच ‘घोडी राहण्यासाठी’ म्हणून त्याच्या बाटल्या अद्याप खपविल्या जातात. घोड्याच्या बाबतीत त्या दाव्याला भक्कम आधार नाही. घोड्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचे खरे कार्य निराळे आहे. पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्ये प्राणवायूच्या प्रक्रियेने खराब होत असतात. ही झीज ते थोपवून धरते. स्नायू आणि मज्जातंतू यांना त्याची गरज विशेष असते. घोडा ते स्वतःच्या शरीरात तयार करू शकत नाही. जे मिळावयाचे ते वैरणीतूनच मिळावयाचे.

ताज्या, कोवळ्या हिरवळीत ते विपुल असते. शुष्क वजनाच्या दर किलोस साधारणतः ३० ते १०० एकके इतके प्रमाण आढळते. तेच गवत कापून उन्हात वाळविले आणि गंजीत रचले की निम्म्याहून अधिक अंश नष्ट होऊ शकतो व साठवण लांबेल तसा ऱ्हास वाढत जातो. उन्हात उभा वाळलेला, वर्षभर ठेवलेला कडबा या दृष्टीने जवळजवळ रिकामाच समजावा. धान्यातही हे जीवनसत्त्व बेताचेच असते आणि ते भरडून फार दिवस ठेवले तर आणखी घटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली घोड्याची गरज सांगितली ती अशी : बसून असणाऱ्या जनावरास वजनाच्या दर किलोस दररोज सुमारे एक एकक, कष्टाचे काम करणाऱ्या घोड्यास, दूध पाजणाऱ्या घोडीस व वाढत्या शिंगरास दोन एकके. म्हणजे ३५० किलो वजनाच्या घोड्यास ३५० ते ७०० एकके. कोरड्या वैरणीवर हा आकडा गाठणे कठीण आहे.

काही मालक तेल पाजतात व त्याने हे काम भागते असे मानतात. हिशोब त्यांच्या बाजूने नाही. १०० ग्रॅम सूर्यफुलाच्या तेलात हे जीवनसत्त्व सुमारे ४० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण ६० एकके भरते. उलट अशा तेलातील स्निग्धांश सांभाळण्यासाठी शरीरास हेच जीवनसत्त्व अधिक खर्चावे लागते. तेल खवट झालेले असेल तर लाभाऐवजी हानीच. तेलाने घोड्यास शक्ती मिळते, कांतीही येते. परंतु त्यास हिरवळीचा पर्याय समजू नये.

या उणिवेचा फसवेपणा असा की ती लगेच दिसत नाही. पावसाळ्यात खाल्लेल्या हिरवळीतून यकृतात व चरबीत जो साठा होतो, तो काही काळ पुरतो. सारंगखेड्याहून आणलेला घोडा म्हणूनच पहिल्या लग्नसराईत उत्तम चालतो. पावसाळ्यात त्याला चरावयास सोडले तर साठा पुन्हा भरतो. शहरालगतच्या पागेत मात्र पावसाळ्यातही जनावर बांधलेलेच राहते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी परिणाम दिसू लागतात. १९९० साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी घोड्यांच्या चेतातंतूंच्या एका व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. ही व्याधी दीर्घकाळ हिरव्या वैरणीवाचून ठेवलेल्या घोड्यांत होते, असे पुढील संशोधनात दिसून आले. लक्षणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. भूक चांगली असूनही जनावर वाळते. मांड्या व खांदे थरथरतात. उभे असता ते सारखा या पायावरून त्या पायावर भार टाकते, चारही पाय पोटाखाली गोळा करते, मान खाली सोडते आणि वरचेवर बसू पाहते. एकदा नष्ट झालेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. उपचाराने काही जनावरे सावरतात, पण पूर्वीच्या कामाची राहतातच असे नाही.

अशा घोड्यास आपल्याकडे ‘आळशी’ किंवा ‘अडेल’ ठरविले जाते. खाऊनही अंगी लागत नाही म्हणून त्याला चाबूक मिळतो आणि पुढील यात्रेत तो कमी भावाने विकला जातो. नव्या मालकालाही कारण कळत नाही. वरातीच्या एका घोड्यावर ज्या कुटुंबाची गुजराण आहे, त्याचे नुकसान केवळ जनावराच्या किमतीएवढे नसते. हंगामातील आगाऊ ठरलेल्या सुपाऱ्याही जातात. यास्तव अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात घोडा दाखवावा. रक्तातील या जीवनसत्त्वाचे प्रमाण तपासता येते. मात्र नमुना थंड व प्रकाशापासून दूर ठेवावा लागतो.

बाजारात ई जीवनसत्त्व व सेलेनियम यांचे एकत्र इंजेक्शन मिळते आणि ते सल्ल्यावाचून टोचण्याची प्रवृत्ती आढळते. ती सोडली पाहिजे. त्यातील जीवनसत्त्वाची मात्रा रोजची गरज भागविण्यास अपुरी असते, तर सेलेनियम हे अल्पांशाने आवश्यक व किंचित अधिक झाल्यास विषारी. पंजाबात होशियारपूर व नवांशहर भागातील काही जमिनींत ते अधिक असल्याने तेथील जनावरांचे केस झडतात व खूर गळतात, हे प्रसिद्ध आहे. पूरक औषध द्यावयाचेच तर केवळ ई जीवनसत्त्वाचे, शक्यतो नैसर्गिक स्वरूपाचे, पशुवैद्याने ठरविलेल्या मात्रेत द्यावे. कृत्रिम प्रकार स्वस्त असतो, पण अंगी कमी लागतो.

तथापि बाटलीआधी विळ्याचा विचार व्हावा. ज्याच्याजवळ विहिरीचे पाणी व चार-पाच गुंठे जमीन आहे त्याने लसूणघास लावावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘आरएल ८८’ हा बहुवार्षिक वाण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी केल्यास पहिली कापणी सुमारे ५० ते ५५ दिवसांत मिळते आणि पुढे दर २५ ते ३० दिवसांनी कापणी घेता येते. म्हणजे ऐन वैशाखातही दावणीत हिरवे पडते. सवय नसलेल्या घोड्यास आरंभी मूठभर देऊन दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवावे, अन्यथा पोटशूळ उठतो. उरलेला घास वाळविताना सावलीत वाळवावा व पाने गळू देऊ नयेत. सत्त्व देठापेक्षा पानांत अधिक असते. हिरवी कोवळी ज्वारी घोड्यास घालू नये, आणि संकरित नेपियर गवतावरच त्याला ठेवू नये. पहिलीत विषार असतो, दुसऱ्यातील ऑक्झॅलेटमुळे हाडांतील चुना घटतो. फवारलेल्या कपाशीच्या बांधावरचे गवत तर मुळीच कापू नये.

ज्यांच्याजवळ जमीन नाही, त्यांची अडचण खरी आहे. वरातीच्या घोड्यांचे बहुतेक मालक याच वर्गात मोडतात, आणि त्यांना ‘लसूणघास लावा’ असे सांगून कोणाचेही कर्तव्य संपत नाही. चार-सहा मालकांनी मिळून एखाद्या बागायतदाराशी वर्षभराच्या घासाचा करार करणे शक्य आहे. केळीच्या पट्ट्यात पाणी असलेले शेतकरी पुष्कळ आहेत. पावसाळ्याचे चार महिने दररोज तीन-चार तास घोडा चरावयास नेणे हे तर बिनपैशाचे काम आहे. यात्रेत येणाऱ्या घोड्यांची तपासणी करताना पशुवैद्यांनी रोगाबरोबर वैरणीचीही चौकशी करावी आणि खरेदीदाराच्या हाती लसूणघासाच्या बियाण्याची एक पुडी ठेवावी. मार्गशीर्षात पेरणीची वेळ थोडी टळलेली असते, तरी पाणी असल्यास घास उगवतो आणि उन्हाळ्याच्या आरंभी पहिली कापणी दावणीपर्यंत पोचते.