काच विकण्याआधी स्वार मोजा

पावसाळा जवळ आला की नाशिकच्या ॲक्सेसरी दुकानांत उंच काचेची चौकशी सुरू होते. कसाऱ्यातून मुंबईकडे ये-जा करणारा, छातीवर वारा घेऊन थकलेला स्वार दुकानात येतो आणि “सगळ्यात उंच असेल ती द्या” म्हणतो. दुकानदार ती देतो, मिस्त्री ती बसवून देतो. काही दिवसांनी तोच स्वार परत येतो. छातीवरचा वारा गेलेला असतो, पण आता डोके हलते, मान आखडते आणि हेल्मेटमधला आवाज आधीपेक्षा वाढलेला असतो. मग आणखी उंच काच दाखवली जाते. या धंद्यातल्या बहुतेक तक्रारी याच रस्त्याने वाढत जातात, आणि त्यांचे मूळ एका चुकीच्या समजुतीत आहे: काच जितकी उंच, तितका वारा कमी.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. चौपदरी महामार्गावर मोटरसायकलला केंद्र सरकारच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार ताशी 80 किलोमीटरची मर्यादा आहे. शांत हवेत या वेगाला ताठ बसलेल्या माणसाच्या धडावर साधारण पंधरा किलो वजनाइतका रेटा येतो. आता नाशिक-मुंबई रस्त्याची दिशा पाहा. तो नैर्ऋत्येकडे जातो, आणि जून ते सप्टेंबर या काळात मोसमी वारे त्याच नैर्ऋत्येकडून येतात. समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा असेल तर स्पीडोमीटरवर 80 असतानाही काचेला आणि छातीला 110 चा वारा लागतो, म्हणजे रेटा जवळजवळ दुप्पट. परतीच्या वाटेवर तोच वारा पाठीशी असतो आणि काचेपर्यंत जेमतेम 50 चा वारा पोहोचतो. त्यामुळे इगतपुरीकडून नाशिककडे येताना घेतलेली चाचणी “काच एकदम मस्त” असे सांगते आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरताना ती खोटी ठरते.

समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. नाशिकच्या स्वाराच्या वाट्याला जुना मुंबई-आग्रा महामार्ग, पुण्याचा रस्ता आणि त्यांवरचे ट्रक-कंटेनर कायमचे आहेत. लासलगाव-पिंपळगावकडून कांदा घेऊन निघालेल्या ट्रकच्या मागे गेले की हवा आधीच घुसळलेली मिळते. अशा हवेत कोणतीही काच शांत वाटणार नाही. डोके हलण्याची, म्हणजे बफेटिंगची, तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारावा: मोकळ्या रस्त्यावरही डोके हलते, की फक्त मोठ्या गाडीच्या मागे?

मोकळ्या रस्त्यावरही हलत असेल तर काचेच्या वरच्या कडेकडे पाहायला हवे. गोदावरीला पूर आला की रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावरून पाणी दोन्ही बाजूंनी फाकते आणि मूर्तीच्या मागे भोवरे फिरत राहतात. काचेमागे हवेचे तेच होते. समोरची हवा कडेवरून निसटते, काचेच्या मागे दाब कमी होतो, आणि त्या पोकळीत वरची व बाजूची हवा गोल फिरत घुसते. हे भोवरे एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटतात. फूटभर रुंदीच्या काचेमागे ताशी 80 च्या वेगाला ते सेकंदाला साधारण दहा वेळा सुटतात. त्यांच्या वाटेत हेल्मेट आले तर डोके तितक्याच वेळा हलते, नजर धूसर होते आणि तासाभरात मानेचे स्नायू दमतात. सरळ वारा माणसाला ढकलतो आणि शरीर त्याला सरावते. आलटून पालटून बसणाऱ्या तडाख्यांना ते सरावत नाही.

आवाजाचा त्रास याहून गंभीर आहे, कारण त्याची भरपाई होत नाही. हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज महामार्गाच्या वेगाला सहज 90 डेसिबलच्या पुढे जातो, आणि भोवऱ्यात सापडलेल्या हेल्मेटमध्ये आणखी वर. कानांसाठी 85 डेसिबल आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानली, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटे. घोटीला पोहोचेपर्यंत ती संपलेली असतात. फोमचे इअरप्लग अत्यंत स्वस्त असतात आणि ते घातल्यावरही हॉर्न ऐकू येतो. काच विकणाऱ्या प्रत्येक काउंटरवर त्यांची बरणी असायला हवी.

काचेची उंची ठरते स्वारावरून, आणि इथेच आपला धंदा चुकतो. दुकानात काच गाडीच्या मॉडेलनुसार मागवली जाते. एकाच मॉडेलवर पाच फूट तीन इंचांचा माणूस बसतो आणि सहा फुटांचाही. दोघांची हेल्मेटे वेगळ्या उंचीवर असतात, आणि काचेच्या कडेवरून सुटलेला भोवऱ्यांचा पट्टा एकाच जागी असतो. एकाला जी काच वरदान, तीच दुसऱ्याच्या हनुवटीवर तडाखे मारते.

हेल्मेटला शांत हवा मिळण्याच्या जागा दोनच आहेत: त्या पट्ट्याच्या पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. आखूड काच कंबर-छातीचा थोडा भार हलका करते आणि डोके स्वच्छ, सरळ वाऱ्यात ठेवते. उंच काचेची वरची कड नाक-ओठांच्या रेषेत आली तर हवा हेल्मेटच्या माथ्यावरून निघून जाते. कड खांद्याच्या किंवा गळ्याच्या रेषेत आली की हेल्मेट नेमके पट्ट्यात सापडते, आणि बाजारात बसवल्या जाणाऱ्या बऱ्याच “मध्यम-उंच” काचा तिथेच येतात. कड डोळ्यांच्या वर मात्र कधीच नेऊ नये. मोटरसायकलच्या काचेला वायपर नसतो. रात्रीच्या पावसात समोरच्या दिव्यांचा उजेड ओल्या, ओरखडलेल्या काचेवर फुटला की रस्ता दिसेनासा होतो. स्वाराने काचेवरून पाहावे, काचेतून नाही.

म्हणून या संपादकीयाचे मत स्पष्ट आहे. ज्याचा बहुतांश प्रवास शहरात आणि ताशी 80 च्या आत होतो, त्याला कंपनीची मूळ आखूड काच बहुतेक वेळा पुरेशी असते, आणि त्याला उंच काच विकणे म्हणजे नसलेला त्रास विकणे. उंच काच लांब पल्ल्याच्या, ताठ बसणाऱ्या स्वाराचे साधन आहे, आणि तीही त्याच्या मापाने कापलेली किंवा सरकवता येणारी हवी.

उंचीइतकीच महत्त्वाची गोष्ट बहुतेक मिस्त्री विसरतात: खालची फट. काच हेडलाइटच्या कवचाला घट्ट चिकटली तर मागची पोकळी भरून निघायला हवेला वाट राहत नाही, आणि भोवरे जोर धरतात. खालून थोडी हवा आत येऊ दिली की मागचा दाब वाढतो आणि कडेवरचे भोवरे मंदावतात. अमेरिकेतल्या मॅडस्टॅड कंपनीचे ब्रॅकेट याच तत्त्वावर बनतात: काच कवचापासून पुढे धरायची, मध्ये फट ठेवायची, कोन आणि उंची दोन्ही बदलता यायला हवेत. नवी काच घेण्याआधी जुन्याच काचेखाली एक-दोन सेंटिमीटरचे नायलॉनचे स्पेसर आणि लांब बोल्ट लावून पाहावेत. खर्च किरकोळ असतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच तक्रार मिटते.

काच स्वारावरून ठरते ही बाब मोठ्या कंपन्यांना उशिरा का होईना कळली. मोटो गुझीने इटलीतल्या मांदेल्लो देल लारिओला 1950 मध्ये मोटरसायकलींसाठी वाऱ्याचा बोगदा बांधला, पण तो शर्यतीसाठी, टाकीवर झोपून चालवणाऱ्यासाठी होता. ताठ बसून दिवसभर चालवणाऱ्याचा विचार बीएमडब्ल्यूच्या 1976 च्या आर 100 आरएसमध्ये झाला; तिचे फेअरिंग पिनिनफरिनाच्या बोगद्यात घडले. आपल्याकडे चाकणला बनणाऱ्या बजाज डोमिनार 400 ला 2021 मध्ये कारखान्यातूनच टूरिंगचे साहित्य मिळाले. त्यातल्या उंच व्हायझरचा आकार संगणकावर हवेचा प्रवाह तपासून ठरवल्याचे कंपनीने सांगितले. केटीएम 390 ॲडव्हेंचरच्या 2020 च्या गाडीवर काच दोन जागी बसवता येत असे, सुझुकी व्ही-स्ट्रॉम 650 वर तीन. तरी या गाड्या घेतलेल्या किती स्वारांना डिलिव्हरीच्या दिवशी कोणी पाना हातात घेऊन काच त्यांच्या उंचीला लावून दिली असेल? ते काम डीलरच्या मिस्त्रीचे आहे आणि त्याला पंधरा मिनिटे लागतात.

गॅरेजमध्ये वाऱ्याचा बोगदा नसतो, पण निदान करायला तो लागतही नाही. मोकळ्या, सरळ रस्त्यावर कायद्याच्या वेगात स्वाराने फूटरेस्टवर किंचित उठून डोके चार बोटे वर न्यावे. तिथे हवा शांत झाली तर काच त्याच्यासाठी जास्त उंच आहे, किंवा तिचा कोन जास्त उभा आहे. उलट किंचित वाकल्यावर शांतता मिळाली तर काच कमी पडते आहे. दोन्हीकडे फरक पडला नाही तर काच पूर्ण काढून एक फेरी मारावी. काचेशिवायही डोके हलत असेल तर दोष हेल्मेटचा असू शकतो: ढिले हेल्मेट, वर आलेली छज्जेवजा पीक, झिजलेले अस्तर. कधी आरसे आणि हँडगार्ड हवा वर फेकतात, कधी टाकी आणि फोर्क यांच्यामधून खालची हवा छातीवर चढते. काचेचे पैसे घेण्याआधी एवढे पाहणे मिस्त्रीच्या कर्तव्यात मोडते.

धाग्यांची युक्तीही उपयोगी आहे. बोटभर लांबीचे लोकरीचे तुकडे काचेच्या मागच्या बाजूला, खांद्यांवर आणि हेल्मेटवर चिकटपट्टीने लावावेत, आणि शेजारून दुसऱ्या गाडीवर मागे बसलेल्याने मोबाइलवर चित्रण करावे. सरळ मागे ताणलेला धागा म्हणजे सरळ हवा, वेडावाकडा नाचणारा किंवा उलटा पुढे वळलेला म्हणजे भोवरा. विमानांच्या पंखांवरची हवा अशीच तपासली जाते. 1964 मध्ये ओझरला मिगचा कारखाना उभारला गेलेल्या जिल्ह्याला ही पद्धत परकी वाटू नये. चाचणी दोन्ही दिशांनी घ्यावी, म्हणजे वर सांगितलेला पाठीवरच्या वाऱ्याचा घोटाळा होणार नाही.

आता धोक्याचे. हँडलला किंवा फोर्कला बांधलेली मोठी काच बाजूच्या वाऱ्यात हँडलच वळवू पाहते. कसारा घाटात दरीच्या तोंडाशी किंवा बसला ओलांडून पुढे जाताना येणारा एकच झोत त्यासाठी पुरतो. हेडलाइट हँडलबरोबर वळणाऱ्या गाडीवर फार उंच आणि रुंद काच लावूच नये. ती हवीच असेल तर चेसिसला धरणारे ब्रॅकेट वापरावे. मागे उंच टॉपबॉक्स आणि पुढे उंच काच अशी जोडी लागली की वेगात गाडी डोलू शकते. मागे बसणाऱ्याचाही विचार कमी होतो: स्वाराच्या माथ्यावरून गेलेली हवा बरोबर मागच्याच्या कपाळावर येते. नवरा-बायको जोडीने प्रवास करत असतील तर चाचणीही जोडीनेच घ्यावी.

बसवण्याच्या कामात दोन चुका वारंवार दिसतात. पॉलिकार्बोनेटच्या काचेच्या बोल्टांना थ्रेडलॉकर लावला की काही दिवसांत भोकांभोवती बारीक भेगा येतात, कारण त्यातले रसायन हे प्लास्टिक खाते. पेट्रोल, चेन स्प्रे आणि अमोनिया असलेले काच-क्लीनर यांचेही तेच. दुसरी चूक म्हणजे बोल्ट करकचून आवळणे. निफाडच्या थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्याच्या उन्हापर्यंत चाळीस सेंटिमीटरची काच साधारण एक मिलिमीटर आकसते-फुगते. भोक बोल्टपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठे हवे, खाली रबरी बुश, वर नायलॉन वॉशर, आणि पाना हलक्या हाताने. ॲक्रिलिकची काच घासून चकचकीत करता येते, पण दगड लागला की तडकते. पॉलिकार्बोनेट मार सोसते, पण कोरड्या फडक्याने धूळ पुसली तरी ओरखडते. ओले फडके पाच मिनिटे काचेवर ठेवून मग पुसावे, हे गिऱ्हाइकाला बिलासोबत सांगावे.

नाशिकमधल्या दुकानदारांना आणि गॅरेजमालकांना या महिन्यात एकच आग्रह. प्रत्येक चालत्या मॉडेलसाठी एक आखूड आणि एक उंच नमुना काच, दोन मापांचे स्पेसर आणि एक कोन बदलणारे ब्रॅकेट दुकानात ठेवा. स्वाराला त्याच्या नेहमीच्या हेल्मेटसह गाडीवर बसवा, काचेची कड त्याच्या चेहऱ्यावर कुठे येते ते पट्टीने मोजून बिलावर लिहा, आणि विल्होळी किंवा आडगावपर्यंत दोन्ही दिशांनी फेरी मारून आल्यावरच काच विका. ज्यांनी अशा नोंदी ठेवल्या असतील त्यांनी मॉडेल, स्वाराची उंची आणि काचेची कड ही तीन मापे आमच्याकडे पाठवावीत. पावसाळा संपण्याआधी ती एकत्र करून याच मासिकात छापली जातील.