खालून टाकला म्हणून चेंडू हलका होत नाही

शालेय स्पर्धांचा मोसम सुरू झाला की दवाखान्यात खांदा धरून येणाऱ्या मुला-मुलींची संख्या वाढते. क्रिकेटचे गोलंदाज असतात, भालाफेकवाले असतात आणि गेल्या काही वर्षांत सॉफ्टबॉलच्या पिचर मुलीही येऊ लागल्या आहेत. हा खेळ आपल्या शाळांमधून चांगला रुजला याचा आनंदच आहे. परंतु या मुलींच्या पालकांचे आणि कित्येक क्रीडाशिक्षकांचेही एक ठाम मत असते. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून टाकतात, हाताची ती नैसर्गिक हालचाल आहे, त्यामुळे खांद्याला काही होत नाही. कितीही चेंडू टाका! हे मत चुकीचे आहे आणि आजचा लेख त्याविरुद्ध आहे.

आधी चेंडूचेच पाहू. नावात ‘सॉफ्ट’ असले तरी तो मऊ नसतो. बारा इंच परिघाचा हा चेंडू सुमारे १८० ते २०० ग्रॅम भरतो, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड. पिचर हा चेंडू घेऊन हात खांद्यातून पूर्ण गोल फिरवते, पवनचक्कीच्या पात्यासारखा, आणि कमरेजवळ सोडते. त्या क्षणी फिरणारा हात खांद्याच्या खोबणीतून बाहेर ओढला जात असतो आणि त्याला आत धरून ठेवण्याचे काम दंडाच्या पुढच्या स्नायूला व खांद्याभोवतीच्या लहान स्नायूंना करावे लागते. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमधील पिचर खेळाडूंच्या चित्रफितींवरून झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही ओढ शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के आढळली. तो आकडा मोठ्या, कसलेल्या खेळाडूंचा आहे. पण कल्पना यावी म्हणून हिशेब करायचा तर ४० किलो वजनाच्या मुलीच्या खांद्याला ३२ किलोची ओढ, आणि तीही प्रत्येक चेंडूला. म्हणूनच या मुली खांदा पुढच्या बाजूने दुखतो असे सांगतात.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हाडांची टोके अजून पक्की झालेली नसतात. हाड वाढते ती जागा कूर्चेची, म्हणजे मऊ असते. त्या जागेवर रोज ताण पडत राहिला तर ती सुजते, दुखते. मोठ्या माणसाचा स्नायू आखडतो, त्यातला हा प्रकार नाही. बाम चोळून किंवा खांदा ‘बसवून’ घेऊन तो बरा होत नाही. त्यावर विश्रांती हाच उपाय.

मग व्यायाम बंद करायचा का? मुळीच नाही. उलट माझी तक्रार अशी आहे की आपल्याकडे या मुलींना फक्त चेंडू टाकायला लावतात, शरीर घडवीत नाहीत. वजने उचलली की मुलांची उंची खुंटते, ही भीती घरोघरी आहे. पाण्याच्या दोन भरलेल्या कळश्या घेऊन येणाऱ्या मुलीच्या उंचीची चिंता मात्र कोणी करीत नाही! अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली या विषयावर आपले मत पुन्हा मांडले. शिकवणारा जाणता असेल, वजन बेताचे असेल आणि पद्धत बरोबर असेल तर ताकदीच्या व्यायामाने वाढीला बाधा येत नाही. धोका असतो तो देखरेखीशिवाय, चढाओढीने जास्तीत जास्त वजन उचलण्यात. ते वाढ पूर्ण होईपर्यंत वर्ज्यच समजावे.

चेंडूचा वेग हातातून येतो असे वाटते, पण तो निघतो पायातून. पाय, नितंब, पोट व पाठ यांतून तो चढत हाताकडे येतो. पाय कच्चे असले की सारा भार खांद्यावर. तेव्हा व्यायामाची सुरुवात बैठकांपासून करावी. पाठ सरळ ठेवून, सावकाश, दहा ते पंधरा. नंतर एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे, गुडघे टेकून जोर, पालथे पडून कोपरांवर अंग उचलून धरणे. खांद्याच्या मागच्या स्नायूंसाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढावी. महागड्या जिमची गरज नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पंधरा वेळा सहज जमू लागले की मगच भार थोडा वाढवावा. आणि अंग तापवायला चेंडू टाकायचा नसतो. आधी धावून घाम येऊ द्यावा, मग चेंडू हातात घ्यावा.

एक गोष्ट राहून जाते ती रक्ताची. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या शंभरातील सुमारे ५९ मुलींत रक्त कमी आढळले. अशा मुलीला कितीही बैठका काढायला लावा, ती दमणारच, आणि दमलेली पिचर चेंडू वाकडातिकडा टाकते. मोसमापूर्वी हिमोग्लोबिन तपासावे, बाराच्या खाली असेल तर उपचार घ्यावेत, शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी फेकून देऊ नये. उपाशीपोटी सरावाला पाठवू नये, हे आयांना वेगळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा, चेंडूंच्या संख्येचा. बेसबॉलमध्ये अमेरिकेच्या लिटल लीगने २००७पासून मुलांनी दिवसाला किती चेंडू टाकावेत याची मर्यादाच घातली. ११-१२ वर्षांच्या मुलाला ८५. सॉफ्टबॉलसाठीही तिथल्या क्रीडा-अस्थितज्ज्ञांनी आडाखा दिला आहे. १३-१४ वर्षांच्या मुलीने एका सामन्यात ८० आणि दिवसभरात ११५ चेंडूंपलीकडे जाऊ नये. आपल्याकडे काय होते? संघात चांगली पिचर एकच. सकाळचा सामना तिचा, दुपारचा तिचा, संध्याकाळचा तिचाच. चेंडू कोणी मोजत नाही. प्रशिक्षकांना विचारले तर ते जपानच्या युकिको उएनोचे उदाहरण देतात. बीजिंगला २००८ साली तिने दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्णपदक मिळवले, हे खरे. पण ती तेव्हा २६ वर्षांची होती, आणि तिच्यामागे अनेक वर्षांची मेहनत होती. सातवीतल्या मुलीपुढे हा दाखला ठेवणे बरे नव्हे.

पालकांची घाई मी समजू शकतो. राज्य पातळीवर खेळले की दहावी-बारावीला वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. त्यामुळे “डॉक्टरसाहेब, उद्या फायनल आहे, एक इंजेक्शन देऊन टाका,” अशी विनंती येते. एका वडिलांना मी नाही म्हटले, तेव्हा ते रागावून दुसरीकडे गेले. वेदना बधिर करून मुलीला मैदानात उतरवणे म्हणजे गाडीचा तेलाचा लाल दिवा काढून टाकून गाडी पळवणे. दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले, रात्री झोपेतून उठवू लागले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या किंवा मुलीने टाकण्याची पद्धत आपोआप बदलली, तर चेंडू टाकणे त्याच दिवशी थांबवावे. दोन आठवड्यांत आराम नसेल तर अस्थितज्ज्ञांना दाखवावे. वाढत्या वयात दोन्ही खांद्यांचे एक्स-रे काढून ताडून पाहावे लागतात.

जिल्हा स्पर्धांच्या आयोजकांना माझी सूचना साधी आहे. गुणलेखकाच्या वहीत पिचरच्या चेंडूंचा एक रकाना वाढवावा, प्रत्येक संघाला किमान दोन पिचर नोंदवायला लावावे, आणि मर्यादा भरली की पंचांनी पिचर बदलायला सांगावे. याला पैसा लागत नाही. क्रीडाशिक्षकांच्या पुढच्या बैठकीत हा विषय कोणी मांडणार असेल तर तासभर येऊन माहिती द्यायला मी तयार आहे.