पावले विकत घेतली, माणसे नाहीत

ब्रॉडवेच्या आरंभीच्या संगीत नाटकांचा विषय निघाला की झिगफेल्डच्या भपक्याचे गोडवे गायले जातात. त्या रंगमंचावर पडणारी पावले मुळात कोणाची होती, असा आमचा सवाल आहे.

1913 साली हार्लेमच्या लाफायेत थिएटरात 'डार्कटाउन फॉलीज' हा कृष्णवर्णीयांचा खेळ गाजला. (याच वर्षी बाबासाहेब हार्लेमला लागूनच असलेल्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.) शेवटच्या नृत्यात सारी मंडळी साखळी धरून गोल फिरत. झिगफेल्डने ते नृत्य आपल्या खेळासाठी विकत घेतले. एथेल विल्यम्स यांनी त्याच्या गोऱ्या नटनट्यांना ते शिकवले. खेळात मात्र ना त्यांना घेतले, ना त्यांच्या संचातल्या कोणाला! कोणी म्हणेल, पैसे तर मोजले ना? मोजले. पण मग नाचणाऱ्यांचा विटाळ कशाला?

'केकवॉक' हे तर मळ्यावरच्या गुलामांनी मालकाच्या ऐटीची केलेली नक्कल. पुढे गोरे नट तोंडाला काळे फासून तेच नाचले. 1903 साली 'इन दाहोमी'मध्ये एडा ओव्हरटन वॉकर यांनी ते आपल्या लोकांच्या हक्काने ब्रॉडवेवर नाचून दाखवले.

1921 च्या 'शफल अलाँग'नंतर गोऱ्या नट्या कृष्णवर्णीय नर्तकांकडे शिकवणीला जाऊ लागल्या. बडी ब्रॅडली यांनी ब्रॉडवेच्या कितीतरी नामवंतांची नृत्ये बसवली. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव नसे. ते छापून आले 1930 साली, 'एव्हर ग्रीन'साठी. तेही लंडनला गेल्यावर.