डोकं दुखतंय! पण कुठं?

दोस्तांनो, "डोकं दुखतंय" असं सांगून तुमच्यापैकी किती जणांनी शाळेला दांडी मारली आहे? राहू दे, हात वर करू नका! डोकेदुखीची हीच तर गंमत आहे. ताप थर्मामीटरवर दिसतो, पुरळ अंगावर दिसतं. डोकेदुखी मात्र ज्याची त्यालाच कळते. त्यामुळे डॉक्टरांना ती तुमच्याच तोंडून ऐकावी लागते.

आता समजा, तुम्ही जावळीतल्या मेढ्याचे. ऑगस्ट महिना, वेण्णा फुगलेली. दोन दिवस तुम्ही तापाने फणफणलाय आणि आईने तुम्हाला ग्रामीण रुग्णालयात आणलंय. डॉक्टर विचारतात, "काय होतंय रे?" तुम्ही म्हणता, "डोकं लई दुखतंय." झालं, तुम्ही गप्प! पण डॉक्टरांचं काम इथूनच सुरू होतं. कारण या एका वाक्यामागे निरनिराळे विषाणू दडून बसलेले असू शकतात.

खोकला आहे, घसा खवखवतोय, वर्गातली आणखी चार मुलं आजारी आहेत? मग फ्लूचा संशय. २००९ च्या जून-जुलैमध्ये शेजारच्याच पाचगणीतल्या एका निवासी शाळेत स्वाइन फ्लूची साथ आली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मुलांच्या घशातले नमुने तपासून तो विषाणू पकडला.

खोकला नाही, पण डोळ्यांच्या मागे ठणकतंय, डोळे फिरवले की जास्तच, आणि हाडं मोडल्यासारखं अंग दुखतंय? मग डेंग्यू आठवायला हवा. त्याला 'हाडमोड्या ताप' म्हणतात ते उगीच नाही.

मग डॉक्टर म्हणतात, "हनुवटी छातीला लाव बघू." तुम्हाला वाटतं, हा काय व्यायाम! पण मान ताठ झाली असेल, सारख्या उलट्या होत असतील, मूल गुंगीत असेल किंवा झटके येत असतील, तर तो मेंदूज्वर असू शकतो. तिथे मिनिटं मोजायची, मोठ्या रुग्णालयाची वाट धरायची. असा मेंदूज्वर आणणारा एक विषाणू आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. १९६५ मध्ये तो नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तात सापडला, म्हणून त्याचं नाव 'चांदीपुरा'. जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत आपल्या गावाचं नाव, तेही अशा कारणाने!

आणखी एक गंमत सांगू? मेंदूला स्वतःला दुखतच नाही. वेदना कळवणारे मज्जातंतू मेंदूत नसतात, ते असतात त्याच्यावरच्या आवरणांत आणि तिथल्या रक्तवाहिन्यांत. विषाणू अंगात शिरला की आपल्या पांढऱ्या पेशी लढाईला निघतात आणि काही रसायनं सोडतात. त्याच रसायनांनी ताप चढतो, अंग मोडून येतं आणि ते मज्जातंतू हळवे होतात. म्हणजे फ्लू किंवा डेंग्यूत डोकं दुखतं तेव्हा विषाणू डोक्यात घुसलेला असतो असं नाही. बऱ्याचदा आपल्याच सैन्याची ती धामधूम असते.

म्हणून काय दुकानातून कुठलीही गोळी आणून गिळायची? मुळीच नाही! डेंग्यूत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. फ्लू झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्याने क्वचित यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम होतो. डॉक्टर बहुधा वजन बघून पॅरासिटामॉल देतात. आधीच घरी काही घेतलं असेल तर ते लपवू नका, गोळीचं पाकीट सोबतच न्या. ओरडा बसेल, बसू दे.

समजा, रक्त तपासलं आणि डेंग्यूच निघाला. तुम्ही वॉर्डात दाखल. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो, डोकंही थांबतं. तुम्ही आईच्या मागे लागता, "चल की घरी, मी बरा झालो!" आणि डॉक्टर काही सोडत नाहीत. राग येतो ना? पण डेंग्यूची खोड अशी, की खरा धोका ताप उतरताना असतो. काही रुग्णांत तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्तदाब घसरतो, प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. त्यात डोकं दुखेलच असं नाही. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, ही तेव्हाची लक्षणं. ते एक-दोन दिवस डॉक्टरांचं लक्ष असलं आणि वेळेवर सलाइन मिळालं, तर बहुतेक सगळे बरे होऊन घरी जातात.

तेव्हा रात्री सिस्टर झोपेतून उठवून विचारतील, "पोटात दुखतंय का? लघवीला कधी गेला होतास?" घरी जायच्या घाईने "काय नाय, मस्त आहे" असं ठोकून देऊ नका. जे होतंय ते सांगा, आणि दंडाला तो पट्टा बांधू द्या.