घरचा पुलर म्हणजे जुगाड नव्हे

हल्ली कुणी हाताने काही बनवलं की लोक ‘जुगाड’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. स्टिअरिंगचं चाक काढायच्या पुलरचंच बघा.

पद्मिनी, अँबॅसिडरच्या काळात आमच्या बेळगावच्या गॅरेजांत विकतचा पुलर मी क्वचितच पाहिला. उद्यमबागेत लेथवर कुणीतरी ओळखीचा असायचाच की! अर्धा इंच जाड लोखंडी पट्टी, तिला तीन भोकं, मधल्याला आटे. चाकाच्या मध्यभागी आट्यांची भोकं असली तर बाजूचे दोन बोल्ट त्यांत बसवायचे, नसली तर मागून धरणारे दोन आकडे. मधला बोल्ट दांड्याच्या टोकावर टेकवून पान्याने सावकाश आवळायचा. नट सैल करायचा, पण चार आट्यांवर ठेवायचा. नाहीतर चाक सुटतं ते थेट तोंडावर. आणि आधी चाकाला नि दांड्याला खूण करायची, म्हणजे परत सरळ बसतं.

जोर नेमका कुठे पडायला हवा हे कळल्याशिवाय असली पट्टी बनत नाही. जुगाड म्हणायचं तर हातोडा घालणाऱ्याला म्हणा. तो दांड्याचे आटे घालवतो, बेअरिंगही.

बँकेत असताना कर्जाच्या तपासणीला मी उद्यमबागेत जायचो. यादीत लेथ, ड्रिल, ग्राइंडर. भिंतीला टांगलेल्या या हातच्या अवजारांची किंमत मात्र आमच्या कागदात शून्य! खरं भांडवल तेच, असं मी तेव्हाही म्हणायचो. साहेब हसायचे.

पण अवजार घरचं चालेल, सुटा भाग घरचा नको. प्ले काढायला जॉइंटमध्ये पत्र्याचा तुकडा कोंबणं, दांड्याला वेल्डिंग मारणं, हे करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी पुन्हा नेऊ नये, मग तो कितीही जुना ओळखीचा असो.

नव्या गाड्यांत तर ही पट्टीही नको. १ जुलै २०१९ पासून नव्या गाडीला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. ती चाकातच असते आणि तिच्यात स्फोटक असतं. मोबाईलवर व्हिडिओ बघून पान्याला हात घालणाऱ्या पोरांना घरच्या मोठ्यांनी अडवावं. ते काम शिकलेल्या माणसाचंच.

कुणाच्या माळ्यावर अशी पट्टी पडली असेल तर भंगारात घालू नका. फोटो टाका, आणि ती कुठल्या गल्लीत, कुठल्या लेथवर बनली तेही लिहा.