सवलत तिकिटात, अडचण पायरीत

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव आहे. तेथील गरम पाण्याच्या कुंडांत स्नान केल्याने सांधेदुखीला व त्वचेच्या विकारांना उतार पडतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा असल्यामुळे मुंबई, वसई, ठाणे, कल्याण या भागांतून तेथे माणसांचा ओघ चालू असतो. वज्रेश्वरी आणि गणेशपुरी ही दोन्ही क्षेत्रे जवळच आहेत. गुडघे, कंबर, पाय यांनी साथ सोडलेल्या माणसांनीच ज्या स्थानाला नावलौकिक मिळवून दिला, तेथे पोहोचणे चाकाच्या खुर्चीवरील माणसाला सर्वांत कठीण जावे, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

भिवंडीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीपर्यंतचा एस.टी.चा प्रवास धडधाकट माणसाच्या दृष्टीने किरकोळ होय. खुर्चीवरील प्रवाशाची गोष्ट निराळी. एस.टी.च्या साध्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून उंच, दार अरुंद आणि आतील वाट त्याहून अरुंद. खुर्ची आत जात नाही. तेव्हा माणसाला दोघांनी उचलून आसनावर बसवावयाचे आणि खुर्चीची घडी करून ती सामानासारखी कोठे तरी कोंबावयाची, एवढाच मार्ग उरतो. स्थानकावरील स्वच्छतागृहाच्या दाराशी पुन्हा पायरी असते किंवा दारच खुर्चीपेक्षा लहान असते. म्हणून असे अनेक प्रवासी, विशेषतः स्त्रिया, घरून निघण्यापूर्वी कित्येक तास पाणी पिण्याचेच टाळतात. याची नोंद कोणत्याही वेळापत्रकात होत नाही.

या प्रश्नावर शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. एस.टी.च्या भाड्यात अपंगांना ७५ टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असल्यास सोबत्याचेही निम्मे तिकीट माफ होते. मात्र अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील विद्यार्थीही येथे एक साधा प्रश्न विचारील. एखादी सेवा महाग असल्यामुळे ग्राहक ती घेत नसेल, तर किंमत कमी करणे हा उपाय होय. पण सेवेपर्यंत पोहोचताच येत नसेल, तर किंमत पाऊणपट कमी करून काय साधणार? समजा, एका फेरीचे भाडे ६० रुपये आहे. सवलतीने प्रवाशाचे ४५ रुपये वाचले. परंतु त्याला उचलून चढविण्यासाठी भाऊ किंवा मुलगा बरोबर यावा लागतो. तो यंत्रमागावर वा गोदामात रोजंदारीने काम करणारा असेल, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. ती शेकड्यांत मोजावयाची असते. शिवाय स्थानकापर्यंत रिक्षा वेगळी, आणि खुर्ची पाहून सांगितलेले जादा पैसेही वेगळे. पायरी जागच्या जागी राहिली. तिचा खर्च मात्र सार्वजनिक खात्यातून उचलून कुटुंबाच्या खात्यात टाकला गेला.

रेल्वेच्या सवलतीचे शब्द याहूनही बोलके आहेत. अस्थिव्यंग प्रवाशांसाठी असलेली ही सवलत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्यांनाच मिळते, आणि तसे प्रमाणपत्र जोडावे लागते. एकट्याने प्रवास करण्याची हिंमत आणि सवय ज्याने कष्टाने कमावली, तो या सवलतीस अपात्र. परावलंबन गृहीत धरून आखलेल्या योजनेकडून परावलंबन कमी होण्याची अपेक्षा कशी बाळगावी?

याहून अवघड भाग माणसांच्या वृत्तीचा आहे. आपल्याकडील माणूस निर्दय मुळीच नाही. खुर्ची अडलेली दिसली की चार हात पुढे येतात, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु ते हात बहुधा न विचारता येतात. कोणी खुर्चीचा हात धरतो, कोणी चाक, कोणी बसलेल्या माणसाची काखच धरतो. उचलताना खुर्चीचा सुटा हात निसटला तर माणूस खाली पडेल, हे कोणाच्या ध्यानीही नसते. वाहक तिकिटाचे विचारतो तो सोबत्याला. दुकानदार ‘यांना काय हवे’ म्हणतो तेही सोबत्याला. एखादी म्हातारी डोक्यावरून हात फिरवते, कोणी हातावर नाणे ठेवतो. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसावरही हा प्रसंग येऊ शकतो. आणि सर्वांत शिष्ट शब्दांत दिलेला सल्ला असा की, ‘एवढा त्रास काढून यायचे कशाला? घरूनच हात जोडावेत.’ बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते. परिणाम मात्र घराबाहेर पडू नका, असे सांगण्याचाच होतो.

दयेचा आणखी एक तोटा आहे. उचलणारे चार हात मिळतात म्हणून उताराची गरज कोणाला भासत नाही. ‘आमची पोरे आहेत ना’ या उत्तरावर स्थानकप्रमुख, सरपंच आणि विश्वस्त सारेच निश्चिंत असतात. पोरे नसतील त्या दिवशी काय, किंवा एखाद्या स्त्रीला अनोळखी पुरुषांकडून उचलून घेणे नको असेल तर काय, हे प्रश्न मग उपस्थितच होत नाहीत.

या संदर्भात वज्रेश्वरीच्या देवळाचा दाखला नेहमी दिला जातो. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेशी ज्याचा इतिहास निगडित आहे, त्या किल्लेवजा देवळाला ५२ पायऱ्या आहेत. एक पायरी सहा इंच धरली तर चढ २६ फुटांचा होतो; खुर्चीसाठी एकास बारा हे उताराचे मान्य प्रमाण घेतल्यास त्याला ३१२ फुटांचा उतार लागेल. जुन्या वास्तूत हे काम सोपे नाही, हे कोणीही कबूल करील. अर्थात मनात आणले तर मार्ग निघतो. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ साली रुळांवरून चढणारी फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झालीच. पण खरी मेख निराळी आहे. ५२ पायऱ्यांची अडचण पुढे करून एका पायरीचे काम टाळले जाते. औषधाच्या दुकानापुढील, पोस्टापुढील, ग्रामपंचायतीच्या दारातील सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार पुरतो. गावातील गवंड्याचे ते एका दिवसाचे काम.

भिवंडी परिसराने तर ही विद्या उत्तम आत्मसात केली आहे. येथील विस्तीर्ण गोदामांत मालाची चाकाची गाडी अडखळू नये म्हणून फरशी सपाट ठेवतात आणि ट्रकची पातळी व ओट्याची पातळी जुळवून घेतात. खोक्यांसाठी हे सारे सुचते, कारण खोके अडले तर कोणाचे तरी नुकसान मांडता येते.

कायद्याची उणीव आहे असेही नव्हे. १९९५ साली पहिला कायदा झाला. २०१६ च्या कायद्याने बसस्थानके, रेल्वेस्थानके, वाहने व रस्ते सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आणि अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठी, नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत घातली. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत जून २०२२ मध्ये उलटून गेली. मधल्या काळात ‘अपंग’ शब्द जाऊन ‘दिव्यांग’ आला, आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागही निर्माण झाला. पण २०२३ साली मुंबईत खार येथील विवाह नोंदणी कार्यालय लिफ्टविना दुसऱ्या मजल्यावर असल्याने खुर्चीवरील वधूला स्वतःच्या लग्नासाठी उचलून वर न्यावे लागले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ मार्गदर्शक स्वरूपाचे ठेवणे कायद्याशी विसंगत ठरविले आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्राला सांगितले. २०१६ च्या कायद्यानंतर आठ वर्षांनी हे सांगावे लागले, यातच त्याच्या अंमलबजावणीची कहाणी आली.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख अपंग होते; त्यांपैकी ५४ लाखांवर माणसांचे अपंगत्व हालचालीशी संबंधित होते. महाराष्ट्रातील एकूण अपंगांची संख्या ३० लाखांच्या घरात होती. एवढी माणसे रस्त्यावर दिसत का नाहीत, याचे उत्तर वरील प्रवासातच आहे. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहे. १९८४ पासून त्यांच्या संस्थेने अपंगांना शिक्षण व रोजगार देण्याचे कार्य चालविले आहे. १९६५ च्या युद्धात जखमी होऊन १९७२ च्या हायडलबर्ग येथील स्पर्धेत पोहण्यात सुवर्णपदक जिंकणारे मुरलीकांत पेटकर यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. अशांचे सत्कार समाज मनापासून करतो. पण ज्याला पदक जिंकावयाचे नाही, नुसते भिवंडीच्या महाविद्यालयात वेळेवर पोहोचावयाचे आहे, अशा विद्यार्थ्याने कोणता पराक्रम करावा?

प्रत्येक जुनी गाडी बदलणे एस.टी.सारख्या तोट्याने ग्रासलेल्या महामंडळाला शक्य नाही, हा युक्तिवाद ग्राह्य आहे. नव्या खरेदीला मात्र तो लागू पडत नाही. एकदा घेतलेली बस दहा-बारा वर्षे तरी धावते, आणि तिच्या दाराची उंची व रुंदी निविदेच्या कागदावर ठरते. त्या कागदात सरकत्या फळीची व रुंद दाराची अट असेल, तर वाढणारा खर्च हजारो फेऱ्यांवर विभागला जाईल. ती नसेल, तर पुढील दहा-बारा वर्षे अकलोलीच्या वाटेवरील प्रत्येक फेरीचा खर्च कोणाच्या तरी भावाच्या बुडालेल्या मजुरीतूनच वसूल होत राहील.