आधी पाणी, मग बोट

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गोसीखुर्दचं जलपर्यटन आणि कन्हान नदीचं पाणी

महोदय,

गोसीखुर्दच्या जलाशयावरच्या १०२ कोटींच्या जलपर्यटन प्रकल्पाचं भूमिपूजन २०२४ मध्ये झालं. तेव्हापासून जेटी, क्रूझ, हाऊसबोट, स्पीडबोट हे शब्द आम्ही ऐकतो आहोत. हे सगळं ज्या पाण्यावर तरंगणार, त्या पाण्याबद्दल आम्ही दिलेल्या निवेदनांना पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

आधी पाण्याचा हिशेब. नागपूर शहराची तहान पेंच आणि कन्हान भागवतात, आणि पेंचही बिना संगमावर कन्हानलाच येऊन मिळते. आमच्या काठावरून शहराला पाणी देणाऱ्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता रोज २४ कोटी लिटर आहे. शहर आमच्या नदीचं पाणी पितं आणि आम्हाला नाग नदी परत करतं. लाव्हा परिसरातल्या टेकड्यांतून उगम पावणारी ही नदी भर शहरातून सांडपाणी गोळा करत जाते आणि कुही तालुक्यात कन्हानमध्ये रिकामी होते. कन्हान ते सगळं आंभोऱ्याला वैनगंगेच्या ओटीत टाकते. तिथून पुढे गोसीखुर्दचा जलाशय, म्हणजे आपला पर्यटन प्रकल्प.

मार्च २०२१ मध्ये नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी २,११७ कोटींची घोषणा झाली. २०२२ च्या अखेरीस १,९२७ कोटींना मंजुरी मिळाली. त्यात सुमारे ५०० किलोमीटर मलवाहिन्या आणि रोज ९ कोटी २० लाख लिटरचं नवं शुद्धीकरण होतं. मंजुरीचे पेढे शहरात वाटले गेले असतील. नाग-कन्हान संगमाच्या खालच्या गावांत आजही नाकाला पदर लावावा लागतो. यात जुलै २०२२ ची भर घाला. खसाळ्याचा राखेचा बांध फुटला, वीज केंद्राची राख कोलार आणि कन्हानच्या पात्रात उतरली आणि पाणीपुरवठाच अडचणीत आला. त्या वेळी शहराला आमच्या नदीची आठवण झाली, कारण नळ बंद पडण्याची वेळ आली होती. खालच्या गावांचं पाणी रोजच खराब असतं, त्याची बातमी होत नाही.

गोसीखुर्द धरणाचा हिशेबही आपल्याला ठाऊक असेल. २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन झालं, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि पुढे खर्च १८ हजार कोटींवर गेला. अडीच लाख हेक्टर ओलिताचं स्वप्न दाखवून नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली ८५ गावं उठवली. २४५.५ मीटरच्या पूर्ण पातळीखाली घरं, विहिरी, मारुतीचे पार, घाटांच्या पायऱ्या आणि मसणवटे गेले. माणसांना मोबदला मिळाला, अनेकांना उशिरा आणि तुटपुंजा. घाटाचा आणि पाराचा मोबदला कुणाच्याच यादीत नव्हता. आता त्याच पाण्यावर तिकीट लागणार असेल, तर त्या तिकिटातला पहिला वाटा कुणाचा, हे विचारायचा आम्हाला हक्क आहे.

आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी अशा पाच नद्या एकत्र येतात. इथे चैतन्येश्वराचं मंदिर आहे, महाशिवरात्रीला यात्रा भरते. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये, म्हणजे इ.स. ११८८ ला, ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला अशी या भागाची श्रद्धा आहे, आणि त्यांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांची समाधीही इथे दाखवतात. अंबेजोगाईकरांचाही मुकुंदराजांवर हक्क आहे. तो वाद अभ्यासकांनी सोडवावा, आम्हाला दोन्ही ठिकाणं प्रिय आहेत. पण ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा ज्या सरकारने आनंदोत्सव केला, त्याच सरकारने मराठीचा आद्य ग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘विवेकसिंधु’शी नातं सांगणाऱ्या संगमावर शहराचा मैला येऊ द्यावा, हे आम्हाला सहन होत नाही. यात्रेला आलेली म्हातारी माणसं त्या पाण्यात हात बुडवतात, तीर्थ म्हणून डोळ्यांना लावतात.

आणि वारसा एवढाच नाही. याच कुही तालुक्यातल्या अडमला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं तेव्हा तटबंदीचं प्राचीन नगर सापडलं. मांढळला वाकाटकांचे ताम्रपट मिळाले, अष्टमुख शिवाची मूर्ती मिळाली. धरणाच्या खाली पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये बौद्ध स्तूप उजेडात आला. नदीकाठाने एका दिवसात दाखवता येईल असा दोन हजार वर्षांचा इतिहास इथे पडून आहे. जेटीवर उतरलेल्या पर्यटकाला तिथवर नेणारा प्रशिक्षित स्थानिक वाटाड्या आणि एक साधी गाडी, एवढ्याने सुरुवात होते.

बोटीने वारसा राखता येतो, हे आपल्याच राज्याच्या किनाऱ्यावर दिसतं. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला नेणाऱ्या होड्या स्थानिक होडीवाल्यांच्या संघटनेच्या आहेत. राजपुरीहून जंजिऱ्याला आजही शिडाच्या होड्या जातात. किल्ला पाहायला आलेल्या माणसामुळे शीड बांधायची विद्या शिल्लक राहिली. पावसाळ्यात या होड्या बंद राहतात आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नसते. ११ जुलै २०२५ ला सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांचं संवर्धन आणि काठावरच्या माणसाची रोजी यांची सांगड घालणं सरकारला तिथे समजतं, मग वैनगंगेच्या काठावर का समजू नये? उलटा धडाही समोर आहे. केरळात धान वाहणाऱ्या जुन्या केट्टुवल्लम नावा पर्यटनामुळे पुन्हा पाण्यावर आल्या, ही चांगली गोष्ट झाली. पुढे हाऊसबोटींची संख्या आवरली नाही आणि वेंबनाड तलावात त्यांचा मैला आणि तेल मिसळू लागलं. आमच्या जलाशयात तर मैला आधीच आहे.

आमचे होडीवाले म्हणजे ढिवर. पूल होण्याआधी आंभोऱ्याला पलीकडे जायचं तर ढिवराची नाव, नाहीतर मोठा वळसा. जानेवारी २०२४ मध्ये ७०५ मीटरचा देखणा पूल झाला, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण नावेची ती कमाई गेली आणि धरणाने आणि प्रदूषणाने मासळीही रोडावली. जलकुंभी माजते तेव्हा डोंगा हलत नाही. वल्ह्याला मुळांचे लोंबते झुपके अडकतात, विळ्याने कापत कापत वाट काढावी लागते. जाळं वर ओढलं की मासळीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि काळा गाळ येतो. या पाण्याचा खोल-उथळ ठाव ज्यांना बोटावर मोजून सांगता येतो, त्यांना आपल्या प्रकल्पात जागा कुठे आहे? सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार म्हणून घेणार असाल तर आम्हाला ते मान्य नाही. नावेचं सुकाणू आणि नफ्यातला वाटा मच्छीमार सहकारी संस्थांकडे गेला पाहिजे.

सुरक्षेबद्दल लांबड लावत नाही, कारण मृतांचे आकडे पुरेसे आहेत. जुलै २०१७, वेणा जलाशय, ८ तरुण. सप्टेंबर २०२१, झुंज, वर्धा नदी, ११ जण. जानेवारी २०२४, गणपूर, वैनगंगा, मिरची तोडायला निघालेल्या ६ बाया. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीला निघालेली बोट मुंबईत बुडाली. लाइफ जॅकेटची सक्ती, बोटीवर क्षमतेचा ठळक फलक आणि पुराच्या दिवसांत पूर्ण बंदी, हे तिकीटघर उघडण्याआधी झालं पाहिजे.

आता आमचं म्हणणं. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमध्ये येणं कधी थांबणार, याची लेखी तारीख द्या. आंभोऱ्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल दर महिन्याला मंदिराच्या पायथ्याशी मराठीत लावा. संगमाच्या आसपास स्पीडबोट आणि भोंगे नकोत. तिथे वल्ह्याच्या नावा आणि बॅटरीवरच्या बोटी पुरेत. तिकिटातला ठराविक हिस्सा उठवलेल्या गावांच्या ग्रामपंचायतींना आणि अडम, मांढळ, पवनी, हरिनाथांची समाधी यांच्या देखभालीला जाईल, असा शासन निर्णय काढा. बोटीवरचा कचरा आणि मैला काठावर आणून नष्ट करण्याची सोय नसेल त्या बोटीला परवाना देऊ नका.

आम्ही पर्यटनाच्या विरोधात नाही. आमची पोरं कोळशाच्या खाणीत आणि कारखान्यांच्या ठेकेदारीत रोजी शोधतात. त्यांना नदीवर काम मिळालं तर सगळ्यांत आधी आम्हीच आपला सत्कार करू. पण १०२ कोटी खर्चून लोकांना गटाराच्या पाण्यात फिरवणं हा आमच्या नदीचा, आमच्या भाषेचा आणि बुडालेल्या गावांचा अपमान आहे, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर येईल.

येत्या महाशिवरात्रीच्या यात्रेआधी पाण्याचा पहिला अहवाल आंभोऱ्याला लावावा आणि या पत्राला लेखी उत्तर द्यावं, ही मागणी आहे. तोवर या पाण्यावर तिकीट लावायला आमचा विरोध राहील.

आपला,
कन्हानचा एक रहिवासी